पावसाआधीचं हँडल
मृग लागला की कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरामागचा जुना डिझेल जनरेटर मी उघडतो. टाकीच्या तळाचं पाणी सोडायचं, फिल्टर बदलायचा, ऑइल बघायचं. मग स्क्रू ढिला करून एअर काढायची. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की हँडल मारायचं. हे काम मला मनापासून आवडतं.

घरोघरी इन्व्हर्टर आले, तरी ऑगस्ट २०१९ विसरता येत नाही. पंचगंगेच्या पुरात वीज उपकेंद्रं पाण्यात गेली, महामार्ग बंद झाला, पंपांवर इंधनाची टंचाई. चालू इंजिनाइतकाच भरलेला कॅन मोलाचा, हे तेव्हा पेठेला कळलं.

मिनिटाला १५०० फेरे स्थिर राहिले, तर चार पोलचा अल्टरनेटर ५० हर्ट्झ देतो. मात्र लोड न देता तासन्‌तास चालवणं वाईट. अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी आत साठते. म्हणून चाचणीलासुद्धा मी पाण्याची मोटर जोडतो. आणि धूर उघड्यावरच सोडायचा. बंद खोलीत इंजिन चालवणं म्हणजे जिवाशी गाठ!

नोझलचा फवारा तपासायला यंत्रच लागतं, ते काम उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं. उद्या सकाळी नोझल तेवढं नेऊन देतो.