बेळगोळचे तळे आणि घरटी एक हण

पुण्याहून बेंगळूरुकडे जाणाऱ्या रेल्वेने अरसीकेरे स्थानक गाठावे, तेथून मोटारीने नारळीच्या बागा मागे टाकीत चन्नरायपट्टणला यावे आणि पुढचे तेरा-एक किलोमीटर संपता संपता दूरवरच्या उघड्या खडकावर भगवान बाहुबलींचे मस्तक दिसू लागावे, हा कोल्हापूर-सांगलीकडील श्रावकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा यात्रामार्ग. मार्च २०१७ मध्ये श्रवणबेळगोळवरून जाणारा बेंगळूरु-हासन हा नवा लोहमार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून वाट सोपी झाली आहे. यात्रेकरूची नजर मात्र अजूनही आधी डोंगरावरच जाते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तेथेच राहते. पहाटे विंध्यगिरी चढावा, अभिषेक पाहावा, दुपारच्या आत चंद्रगिरी करावा, भोजनशाळेत जेवावे आणि संध्याकाळी हळेबीड-बेलूरची गाडी धरावी. दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव आहे आणि त्या गावाला स्वतःचे आयुष्य आहे, हे या धावपळीत ध्यानी येत नाही.

गावाचे नावच मुळी पाण्यावरून पडले आहे. कन्नडात ‘बिळि’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. पांढऱ्या तळ्याचे गाव ते बेळगोळ, आणि श्रमणांचे म्हणून श्रवणबेळगोळ. हे तळे आजही गावाच्या मध्यावर आहे. त्याला कल्याणी म्हणतात. चहूबाजूंनी उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, भोवती तट, शिखरांची प्रवेशद्वारे आणि उत्तरेस खांबांचा मोठा मंडप असे त्याचे आजचे रूप आहे. हे बांधकाम मूर्तीच्या मानाने पुष्कळच अलीकडचे. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी ते सुरू केले. १७०४ मध्ये ते निवर्तले तेव्हा काम अपुरे होते. टांकसाळीवरील अण्णय्या नावाच्या अधिकाऱ्याने पुढील राजवटीत ते पुरे करून घेतले. राजाच्या मृत्यूबरोबर अर्धवट राहिलेली तळी, धर्मशाळा आणि वेशी या देशात थोड्या नाहीत. बेळगोळचे तळे त्यांत जमा झाले नाही, याचे श्रेय टांकसाळीचा हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाच्या चिकाटीला द्यावे लागते. पेढीवर बसणाऱ्या वाचकांना हे विशेष रुचावे.

विंध्यगिरीवर अनवाणीच चढावे लागते. उन्हाळ्यात खडक तापतो, म्हणून पायथ्याशी मोजे विकले जातात; वृद्धांसाठी डोल्या असतात. सहाशेंहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर एकाच पाषाणातून घडलेली, सुमारे सत्तावन्न फूट उंचीची ती दिगंबर मूर्ती समोर येते. तिच्याविषयी येथे नव्याने काय सांगावे! गंग राजांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ९८१च्या सुमारास ती स्थापन करविली, हे प्रत्येक जैन घरातील मुलाला ठाऊक असते.

मराठी यात्रेकरूचे पाय अडखळतात ते मूर्तीच्या चरणांशी. तेथे दोन्ही बाजूंना कोरलेल्या ओळींत त्याला आपली भाषा भेटते : ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आणि तिच्या पुढे ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें’. मराठीचा सर्वांत जुना शिलालेख म्हणून शाळेच्या पुस्तकांनी ही ओळ घरोघरी पोचविली. पुढे रायगड जिल्ह्यातील अक्षीचा, शके ९३४चा लेख पुढे आला. बेळगोळच्या दोन्ही ओळी एकाच वेळी, बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असाव्यात, असेही काही अभ्यासक मानतात. पहिलेपणाचा तो वाद विद्वानांनी चालवावा. व्यापारी माणसाला या ओळींत वेगळीच गोष्ट दिसेल. मराठीच्या या अगदी आरंभीच्या वाक्यांत ना काव्य आहे, ना स्तुती. ती झालेल्या कामाची नोंद आहे. काम कोणते आणि ते कोणी करविले, एवढेच. पहिली ओळ मूर्तीची. दुसरी ओळ ‘सुत्ताल्या’ची, म्हणजे मूर्तीभोवतीच्या आवाराची; ते होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने बांधविले. हाच मजकूर तेथे कन्नडात आहे आणि चावुंडरायांची ओळ तमिळातही आहे. तिन्ही भाषांत क्रियापद प्रयोजक आहे : केले असे नव्हे, करविले. ज्याने छिन्नी धरली त्याचे नाव मूर्तीपाशी कोठेही नाही.

हे सुत्तालय यात्रेकरू सहसा पाहत नाहीत. मूर्तीसमोर उभे राहिल्यावर भिंतींकडे कोण पाहील? परंतु सव्वाशेहून अधिक वर्षे उघड्यावर असलेल्या मूर्तीभोवती ओवऱ्यांचे आवार घालावे, हे गंगराजाला सुचले. मूर्ती घडविणाऱ्याचे नाव जगाला कळते; भिंत घालणाऱ्याचे नाव शोधून वाचावे लागते. बेळगोळच्या इतिहासात मात्र या दुसऱ्या प्रकारची माणसे जागोजाग भेटतात.

दोन्ही डोंगर आणि गाव मिळून येथे पाचशेहून अधिक शिलालेख नोंदले गेले आहेत. बी. एल. राईस यांनी १८८९ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्यात १४४ लेख होते, पुढे आर. नरसिंहाचार यांनी ती संख्या ५००वर नेली. चंद्रगिरीवरील जुने लेख प्रामुख्याने सल्लेखनेचे आहेत. कोणत्या मुनींनी वा आर्यिकांनी येथे समाधिमरण साधले, याचे ते साक्षी आहेत. आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांच्या आगमनाची परंपराही याच टेकडीशी निगडित आहे. परंतु तेराव्या शतकाच्या आसपासचे काही लेख वाचताना एखादी वहीच उघडल्यासारखे वाटते. अमुकाने इतके गद्याण ठेव म्हणून दिले, त्याच्या व्याजातून गोमटदेवाच्या नित्य अभिषेकाला इतके दूध यावे. तमुक व्यापाऱ्यांनी फुलांसाठी दरवर्षी इतके द्यावे. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून नित्याचा खर्च भागवायचा, ही रीत तेव्हाच्या सावकारांना पुरती ठाऊक होती. मोठे दान एका दिवसात होते आणि दूध रोज लागते, हा फरक त्यांच्या हिशेबात स्पष्ट दिसतो.

गावात नगर जिनालय नावाचे एक लहानसे मंदिर आहे. होयसळ बल्लाळ दुसरा याच्या काळी, ११९५ मध्ये, नागदेव नावाच्या पट्टणस्वामीने ते बांधविले. पट्टणस्वामी म्हणजे बाजारपेठेचा प्रमुख, आणि ‘नगर’ म्हणजे येथील व्यापाऱ्यांचा संघ. मंदिराला नाव मिळाले ते बांधणाऱ्याचे नव्हे. ज्यांनी ते सांभाळायचे, त्या व्यापाऱ्यांचे! आजच्या देणगीफलकांच्या सवयीने पाहिले तर हे नवल वाटण्यासारखेच आहे.

गावातील सर्वांत मोठे मंदिर भंडारी बसदीचे. होयसळ नरसिंहाचा कोशाध्यक्ष हुल्ल याने ११५९ मध्ये ते बांधविले, म्हणून हे नाव. आत चोवीसही तीर्थंकरांच्या मूर्ती एका रांगेत उभ्या आहेत. याच बसदीच्या आवारात १३६८चा, विजयनगरच्या बुक्करायाच्या काळातील शिलालेख आहे. यात्रेकरूने बेळगोळात डोंगराखाली एकच गोष्ट पाहायची ठरविली तर ती ही असावी.

प्रसंग भांडणाचा होता. आनेगोंदी, पेनुगोंडा अशा ठिकठिकाणच्या जैनांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले की वैष्णवांकडून आपल्यावर अन्याय होतो. बुक्करायाने दोन्ही पक्षांना समोर बोलाविले, जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, असा निवाडा केला. जैनांना पंचमहावाद्यांचा आणि कलशाचा पूर्वापार मान राहील. त्यांची हानी वा वृद्धी वैष्णवांनी आपलीच मानावी. येथवरचा भाग सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानांत अनेकदा ऐकू येतो. निवाड्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि खरा कस त्यातच आहे. राज्यातील प्रत्येक जैन घराने वर्षाला एक हण द्यावा. ती रक्कम तिरुमलेच्या तातय्या या वैष्णव आचार्याने जमा करावी, तीतून बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत आणि जे उरेल त्यातून मोडकळीस आलेल्या जिनालयांना चुना लावावा.

राजाने नुसता सलोखा सांगून सभा उठविली असती तर तो सलोखा किती दिवस टिकला असता? त्याने खर्चाची बाब ठरविली, दर ठरविला, वसुली कोणाकडे तेही ठरविले. पैसा जैनांचा आणि व्यवस्था वैष्णवांची. म्हणजे कालपर्यंत ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्याच्याच हाती मंदिराची राखण. दर ‘दारामागे’ होता, त्यामुळे लहान दुकानदार आणि मोठा सावकार दोघांचाही हण सारखाच. पुढे कल्लेहच्या बुसुवि शेट्टी या व्यापाऱ्याने पुन्हा बुक्करायाकडे विनंती करून या व्यवस्थेचे नवीकरण करून घेतले. तेव्हा दोन्ही समाजांनी मिळून त्याला ‘संघनायक’ ही पदवी दिली. एका शेट्टीने नवे मंदिर न बांधता, जुन्या मंदिरांच्या चुन्याची तजवीज चालू ठेवून मिळविलेली ही पदवी आहे.

या गावाचा आजचा प्रश्नही त्याच चुन्याचा आहे. श्रवणबेळगोळची लोकसंख्या अगदी मर्यादित आहे. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो आणि लाखो लोक या चिमुकल्या गावात येतात. फेब्रुवारी २०१८च्या सोहळ्यासाठी गावाबाहेर तात्पुरती नगरे उभी राहिली. रस्ते, पाणी, शौचालये, भोजनगृहे, वीज, सारे काही. मूर्तीमागे लोखंडी पाड उभारला गेला. सोहळा संपला, पाड उतरला, नगरे उठली. मांडवाबरोबर सोयीही उठून जातात, हा कोणत्याही यात्रेचा नेहमीचा अनुभव आहे.

येथे सगळेच उठून गेले नाही. त्याच सोहळ्याच्या वेळी पुरातत्त्व खात्याने विंध्यगिरीवर नव्याने खोदलेल्या पायऱ्यांचे आणि बाहुबली सामान्य रुग्णालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नव्या पायऱ्यांमुळे चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची दाटी विभागता येते. गर्दीच्या दिवशी अरुंद खडकावर याचे मोल काय असते, ते वृद्ध आईवडिलांना घेऊन चढणाऱ्याला विचारावे. १९७० पासून मठाची धुरा वाहणारे चारुकीर्ती भट्टारक स्वामीजी मार्च २०२३ मध्ये निवर्तले. अर्ध्या शतकाहून अधिक काळाच्या त्यांच्या कारकिर्दीत शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय, प्राकृत अध्ययन संस्था आणि रुग्णालये यांचा विस्तार झाला. सोहळ्याच्या निमित्ताने गावाला कायमचे काही मिळावे, ही त्यांची दृष्टी होती, आणि ती गंगराजाच्या कुळातलीच म्हणावी लागेल.

परंतु रुग्णालयाची इमारत आणि रुग्णालय या दोन गोष्टी आहेत. इमारत देणगीतून एकदा उभी राहते. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि जनित्राचे डिझेल यांना दरमहा पैसा लागतो. सोहळ्यातील कलशांसाठी मोठ्या रकमा आनंदाने दिल्या जातात, त्या दिल्या जाव्यातच. त्या रकमेतला काही भाग मुद्दल म्हणून ठेवून त्याच्या व्याजावर गावचे पाणी, तळ्याचा उपसा आणि दवाखान्याचा औषधखर्च चालावा, अशी अट किती देणगीदार घालतात? ही कल्पना नवी नाही. तेराव्या शतकातील दुधाच्या ठेवी तीवरच चालल्या. बारा वर्षांचा क्रम धरला तर पुढील महामस्तकाभिषेक २०३०च्या सुमारास येईल. समित्या त्याच्या बऱ्याच आधी बसतात, आणि महाराष्ट्रातील श्रावकांचा वाटा त्यांत नेहमीच मोठा असतो.

उतरताना विंध्यगिरीच्या अर्ध्या वाटेवरून गाव संपूर्ण दिसते : समोर चंद्रगिरीचा लांबट खडक, खाली कौलांची आणि सिमेंटची मिसळ झालेली घरे, मठ, भंडारी बसदीचे छत आणि मध्यभागी कल्याणीचा चौकोन. पाऊस चांगला झाला असेल तर तळ्यात आभाळ दिसते. सूर्य कलला की पायऱ्यांवरचा दगड निवतो, डोलीवाले शेवटची फेरी उतरवून खांद्यावरचा दांडा खाली ठेवतात, आणि बसस्थानकाकडे निघालेले यात्रेकरू तळ्याच्या तटाला वळसा घालून जातात. भंडारी बसदीचे दार तेव्हा अजून उघडे असेल, तर बुक्करायाचा लेख तेथून चार पावलांवर आहे.