वाटेत विचारायला कोणी नसतं तेव्हा

आपल्याकडे पत्ता सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. ‘स्टँडवरून सरळ या, मारुतीच्या देवळापाशी कोणालाही विचारा.’ खरा पत्ता त्या ‘कोणालाही विचारा’मध्येच असतो. अर्धं काम रस्त्यावरच्या माणसांवर सोपवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते निभावूनही जातं.

ब्राउझर चालवणाऱ्या एआय एजंटला वाटेत असं कोणी भेटत नाही. गेलं वर्षभर मी अशा एजंटसाठी टूल्स लिहिते आहे. ‘हा फॉर्म भर’ म्हटलं की तो पान उघडतो, रकाने शोधतो, टाइप करतो, बटण दाबतो. प्रत्येक कृतीसाठी वेगळं टूल. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची त्याची यादी. तेवढ्यावर त्याने ठरवायचं, की आत्ता यातलं कोणतं वापरू. माणूस अडला की थांबतो. मॉडेल बरेचदा जवळचं वाटेल ते टूल उचलतं आणि आत्मविश्वासाने पुढे जातं.

मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आणलेल्या ‘प्लेराइट एमसीपी’मध्ये स्क्रीनशॉट आणि स्नॅपशॉट अशी दोन टूल्स आहेत. नावं जुळ्या भावांसारखी. पहिलं पानाचा फोटो काढतं. दुसरं पानाची रचना मजकुरात देतं आणि त्यातल्या घटकांना खुणेचे क्रमांक देतं. फोटोवाल्या टूलच्या वर्णनातच सांगितलं आहे, की या फोटोच्या आधारावर कृती करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉट वापरा. हे वाक्य मला फार आवडतं. टूल काय करतं हे कोणीही लिहितं. कशासाठी वापरू नये, हे वाचणाऱ्याचा विचार केलेला माणूसच लिहितो.

पुणेरी पाटी लिहिणाऱ्याला ही कला अवगत असते. समोरचा कुठे गाडी लावेल, किती वेळा बेल वाजवेल, कोणाचा पत्ता विचारेल, याची कल्पना त्याने आधीच केलेली असते. वर्णनं मी इंग्रजीत लिहिते, पण मनात आधी त्या ‘करावे, करू नये’च्या सुरातच येतात. ‘पानावर क्लिक करतं’ हे वर्णन खरं आहे, पण निरुपयोगी. त्यापेक्षा: ‘ताज्या स्नॅपशॉटमधल्या एका घटकावर क्लिक करतं. पान बदलल्यास जुने क्रमांक वापरू नयेत, आधी नवा स्नॅपशॉट घ्यावा. मजकूर भरण्यासाठी टाइपचं टूल वापरावं. घटक न सापडल्यास तोच क्रमांक पुन्हा देऊ नये.’ याहून फार वाढवूनही चालत नाही. सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलला सतत सोबत वागवावी लागतात.

आणि पाटी म्हणजे कुलूप नव्हे. ‘पैसे भरण्याआधी विचारावे’ हे वर्णनात लिहिलं तरी ती विनंतीच असते. तिथे माणसाची परवानगी घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, अशी अडवणूक कोडमध्येच करावी लागते.

पण नेमकं वर्णन लिहूनही एजंट अडतो, आणि त्याचं कारण बरेचदा पलीकडच्या पानात असतं. स्नॅपशॉट येतो ब्राउझरच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री’मधून. पानावर शीर्षक कुठलं, बटण कुठलं, त्याचं नाव काय, याची ती मांडणी. ती एजंटसाठी जन्मलेली नाही. न दिसणाऱ्या माणसांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी ती आहे. बटणांना अशी नावं कशी द्यावीत, याचे ‘एरिया’ नावाचे नियम डब्ल्यूथ्रीसीने २०१४ मध्येच अधिकृत केले.

कॉलेजातला माझा एक मित्र एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. नुसती चित्रं असलेली बटणं आली की त्याच्या कानावर पडतं, ‘बटण, बटण, बटण.’ त्यातलं जतन करणारं कुठलं आणि कायमचं पुसून टाकणारं कुठलं, हे त्याने ओळखायचं. आमच्या एका ग्राहकाच्या साइटवर नेमकी हीच तक्रार कितीतरी दिवस पडून होती. ‘पुढच्या तिमाहीत बघू.’ मग आमचा एजंट त्याच तीन निनावी बटणांपाशी अडला, आणि आठवड्याच्या आत तिघांनाही नावं मिळाली.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘चला, यंत्राच्या पायगुणाने का होईना!’ तो मनापासून हसला. मला तितकंसं हसू आलं नाही.

आता टूलचं वर्णन लिहिण्याआधी मी पलीकडचं पान एकदा डोळे मिटून, एनव्हीडीए लावून ऐकते. एखादं बटण निनावी निघालं, तर तक्रारीत एजंटच्या आधी माणसाचा उल्लेख करते. दुरुस्तीला वेळ नाही असं कोणी म्हणालं, तर किती वेळ लागतो ते करून दाखवते. बटणाच्या कोडमध्ये ‘एरिया-लेबल’ची एक नोंद करायची, एवढंच काम. २०१४ मध्येही ते एवढंच होतं.