भीतीचे माप

शस्त्रक्रियेला धीराने सामोरे जावे, असे आपण रुग्णाला सांगतो. पण तो धीर म्हणजे नेमके काय, हे क्वचितच विचारतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत विचाराला अवसर नसतो. हर्निया, मोतीबिंदू किंवा गुडघ्याचे सांधेरोपण यांची तारीख मात्र आधी ठरते, आणि मधले दिवस रुग्णाला आपल्या मनाच्या सोबतीने काढावे लागतात.

येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये याविषयी एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. अतिशय घाबरलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही व्याकूळ राहिले, हे समजण्यासारखे होते. परंतु जे मुळीच घाबरले नव्हते, तेही नंतर चिडले, खचले. बेताची भीती बाळगणाऱ्यांनी वेदना सर्वांत चांगली सोसली. पुढील सर्वच संशोधकांना हे गणित असे नेमके जुळलेले आढळले नाही. तरीही मला ते पटते, कारण त्याची दोन्ही उदाहरणे मी एकाच घरात पाहिली.

झाशीच्या नगरा भागात आमचे काका आणि विधवा आत्या एकत्र राहत. घरात मराठी, अंगणात बुंदेली. दोघांच्या गुडघ्यांवर एकाच हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झालेले. ‘‘जन्मभर लोखंडाची चाके बदलली, तिथे गुडघ्याची काय कथा!’’ असे म्हणून त्यांनी डॉक्टरांचे बोलणे अर्ध्यावरच तोडले. आत्या भित्री, पण तिची भीती प्रश्न विचारणारी होती. भूल उतरल्यावर किती दुखेल? पहिले पाऊल केव्हा टाकायचे? डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘माताजी, दर्द तो होगा, पर धीरे-धीरे कम होगा।’’ ते वाक्य तिने पदराला गाठ मारल्यासारखे जपले.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहताना आत्या रडली, पण उभी राहिली. दुखणार हे तिला ठाऊक होते. काकांना मात्र ती वेदना विश्वासघातासारखी वाटली. ‘‘काहीतरी चुकले आहे,’’ असे म्हणत ते गुडघा वाकवण्याचा व्यायाम टाळू लागले आणि सांधा आखडत चालला. नवा सांधा दोघांचाही निर्दोष होता!

आत्याला जे विचारून मिळाले, ते न विचारताही देता येते. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वेदना कुठे होईल, ती का होते, कुशीवर कसे वळावे, हे काही रुग्णांना आधीच समजावले होते. ते कोण, हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. त्या रुग्णांना वेदनाशामक औषध निम्मेच लागले, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

तिसऱ्या आठवड्यात आत्या काकांच्या पलंगाशी बसू लागली. कोणत्या हालचालीला किती दुखेल, हे ती आधीच सांगून ठेवी. काका कुरकुरत; पण गुडघा वाकवत.