डबा उघडला की हातचा कळतो

१३ जानेवारी. आज लोहडी, उद्या संक्रांत. चंदीगडच्या आयटी पार्कजवळच्या आमच्या सोसायटीत खाली शेकोटीची लाकडं रचली आहेत आणि वर तिळाचे लाडू वळून झालेत. शाळेला थंडीची सुट्टी, म्हणून लेकीची वजाबाकी लाडवांवरच घेतली. दहा-दहाचे ३ डबे, २ सुटे. शेजारीपाजारी १७ द्यायचे. दोनातून सात जाईनात, तशी तिने न सांगताच एक डबा उघडून रिकामा केला. १२ सुटे झाले, त्यातले ७ निघाले, ५ राहिले; एक भरलेला डबा गेला, एक उरला. १५! वहीतला हातचा तिला एवढा परका का वाटतो, ते मला तेव्हा उमगलं.

मग विचारलं, "शेजारच्या आंटींकडे २५ रेवड्या, तुझ्याकडे १८. तुझ्याकडे किती कमी?" ती अडली. "पण कुणी काही घेतलंच नाही ना, आई!"

बरोबरच आहे तिचं. वजाबाकी म्हणजे काढून घेणं, एवढंच आपण मुलांना आधी सांगतो. तुलना मागे पडते. रेवड्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या. जोडीदार नसलेल्या ७ तिने लगेच दाखवल्या. उद्या हेच पतंगांवर, १८ पासून २५ पर्यंत पुढे मोजत.