पाठीवरचं वजन आणि काठावरची गावं

कार्तिकातली देवउठनी एकादशी झाली की जबलपूरच्या ग्वारीघाटावर परिक्रमावासी दिसू लागतात, आणि त्यांत मराठी बोलणारे हमखास असतात. कुणी गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून निघालेलं असतं, कुणी जगन्नाथ कुंटे किंवा भारती ठाकूर यांची पुस्तकं वाचून. गेल्या काही वर्षांत या मंडळींत आणखी एक प्रकार मिसळला आहे: सह्याद्रीत भटकलेले, परदेशातल्या लांब पायवाटांबद्दल वाचलेले, पाठीवरची सॅक नीट तोलून घेणारे तरुण. त्यांचा प्रश्न रास्त असतो. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल साधारण साडेतीन हजार किलोमीटरची; नर्मदा १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून सव्वीसशेच्या वर, आणि वाट वळसे घेते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. अंतर तोलामोलाचं, महिनेही तेवढेच. मग तिकडे चालणाऱ्यांना जे गोत भेटतं, आयुष्यभर टिकणारं, तेच इथेही भेटेल ना? माझं उत्तर असं आहे की गोत भेटतं, पण ते तुमच्याबरोबर चालत नसतं. ते काठावर एका जागी राहत असतं. हा फरक ज्याला कळला नाही त्याची परिक्रमा पुरी होईल. पण लांब चालण्याच्या कलेतला तिचा सगळ्यात मोलाचा धडा त्याच्या हाती लागणार नाही.

अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडली, १९३७ मध्ये वाट पुरी झाली आणि १९४८ मध्ये अर्ल शेफर ती एका दमात चालून गेले. आज तिथे दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्येच निघतात. एकच दिशा, एकच हंगाम, तेच निवारे; साहजिकच महिनोन् महिने तीच माणसं पुढेमागे भेटत राहतात. एकमेकांना वाटेवरची नवी नावं ठेवतात, निवाऱ्यातल्या वहीत मागून येणाऱ्यांसाठी निरोप लिहितात. हे गोत खरं आहे, आणि ते चालणाऱ्यांचं आहे. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे पंढरीची वारी. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण वारकरी दिंडीत चालतो, दिंडीत जेवतो, दिंडीत झोपतो. त्याचं गाव त्याच्याबरोबर सरकत असतं. परिक्रमेत तसं काही नाही. माणसं एकेकटी, दुकटी चालतात. आज भेटलेला उद्या मागे राहतो, चातुर्मासाला कुणी एका गावात थांबतो तर कुणी दुसऱ्या. वारीची सवय असलेल्या मराठी माणसाला पहिले पंधरा दिवस हे ओकंबोकं वाटणं स्वाभाविक आहे, कारण तो सोबत चुकीच्या जागी शोधत असतो.

खरी जागा संध्याकाळी दिसते. उन्हं उतरताना परिक्रमावासी एखाद्या धर्मशाळेच्या, देवळाच्या किंवा घराच्या ओट्यापाशी थांबतो, ‘नर्मदे हर’ म्हणतो आणि आसन मिळेल का विचारतो. आतून पहिला प्रश्न येतो, “कितनी मूर्ती?” किती जण, एवढंच. मग हातपंप कुठे आहे ते दाखवलं जातं आणि सदाव्रत येतं: परातीत कणीक, मूठभर डाळ, मीठ, दोन मिरच्या, असले तर बटाटे, आणि चुलीसाठी चार गोवऱ्या. शिजवायचं ज्याचं त्यानं. कणीक घट्ट मळून, हातावर थापून, जाड टिक्कड गोवरीच्या निखाऱ्यावर उभं करून भाजायचं. पातळ लाटली तर ती जळते, जाड ठेवली आणि घाई केली तर आत कच्ची राहते. सकाळी निघताना पुढचं गाव किती कोस, नाला कुठून ओलांडायचा, कुणाकडे उतरायचं हे यजमानच सांगतो. या देवाणघेवाणीला कुणी आदरातिथ्य म्हणेल. मला ती वाटेच्या बांधणीचा भाग वाटते, पूल आणि पायऱ्या असतात तशी.

या बांधणीची सगळ्यात स्पष्ट खूण पाठीवरच्या वजनात सापडते. अमेरिकेत हलकं चालणाऱ्यांनी अन्नपाणी सोडून साडेचार किलोंची मर्यादा मानली आहे. त्यासाठी तंबूचं कापड पातळ झालं, चूल बोटभर झाली, टूथब्रशचा दांडा कापला गेला. या सगळ्या कसबाचा हेतू एकच, की माणूस अधिक दिवस कुणावाचून राहू शकावा. परिक्रमावासीची झोळीही तेवढीच हलकी असते: एक कांबळं, दोन जोड कपडे, तांब्या, नर्मदाजलाची कुपी. पण त्यात तंबू नाही, चूल नाही, शिधा नाही, कारण ते सगळं गावांनी उचललेलं आहे. दोन्हीकडे काटा सारखाच, कारणं मात्र उलट. परिक्रमेचे जुने नियम बघा: पैसा जवळ बाळगू नये, मागून मिळेल ते खावं, नदी ओलांडू नये, ती सदैव उजव्या हाताला ठेवावी. हे सगळे नियम चालणाऱ्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभे करतात. गोत अंतरातून तयार होत नाही, गरजेतून होतं, आणि गरज शिल्लक ठेवणं हेच इथलं तंत्र आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे श्रद्धेचं काम आहे, गिर्यारोहकाच्या चालण्याशी त्याची तुलना करू नये. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. जपानच्या शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची परिक्रमा आहे. तिथेही वाटसरूला फळं, चहा, पैसे देण्याची ‘ओसेत्ताई’ नावाची रीत आहे, आणि घेणारा आपल्या नावाची चिठ्ठी देणाऱ्याच्या हातात ठेवतो. मूळ श्रद्धेचं आहे खरं. पण आज तिथे केवळ चालण्याच्या ओढीनं येणारे कितीतरी आहेत आणि देणारा त्यांना वेगळं काढत नाही. अमेरिकेतही रस्त्याच्या फाट्यावर थंड पेयांची पेटी ठेवून जाणारे अनोळखी लोक आहेत, आणि त्यामागे धर्म नाही. श्रद्धेमुळे काय झालं, तर लहरीवर चालणारी गोष्ट रीत बनली. फाट्यावरची पेटी एखाद्या दिवशी असते, एखाद्या दिवशी नसते. सदाव्रत असणार हे धरूनच परिक्रमावासी सकाळी निघतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो टाळता येणार नाही. हलक्या झोळीचं वजन ज्यांच्या खांद्यावर पडतं ते बहुतेक गरीब शेतकरी, कोळी आणि आदिवासी आहेत. शिवाय या काठाला जातही आहे. कोरडा शिधा देण्याची रीत सोयीची आहेच, पण कच्च्या धान्याला विटाळ लागत नाही हा जुना समजही तिच्या मुळाशी आहे. आणि आडनाव विचारून ओटा द्यायचा की नाही हे ठरवणारी दारं आजही आहेत. हे नाकारून परिक्रमेचं गुणगान करण्यात अर्थ नाही. तरी ओझ्याबद्दल एक म्हणता येतं: जुन्या रिवाजात त्याला माप होतं. चालणारे थोडे, मुक्काम सहसा एका रात्रीचा, शिधा कोरडा, रांधणं पाहुण्याचं. माप मोडलं ते संख्या वाढली तेव्हा, आणि चालणारे ताटाची वाट बघत बसू लागले तेव्हा. पंचवीस जणांचा गट एका ओट्यावर उतरतो, गरम पाणी मागतो आणि पुढच्या गावाला फोन करून जेवण सांगतो, तेव्हा त्यानं नियम मोडलेला नसतो, पण रीत मोडलेली असते. शिधा घ्यावा आणि स्वतः रांधावं हा आग्रह म्हणूनच मला कर्मकांड वाटत नाही.

तिसरी गोष्ट वाट विचारण्याची. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर झाडांवर पांढरे पट्टे आहेत, दोन इंच रुंद, सहा इंच लांब. ते पाहत गेलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. नर्मदेला तसे पट्टे नाहीत. नदी हीच खूण, आणि जिथे नदी दिसत नाही तिथे माणूस. आमच्या जबलपूरकरांना हे विशेष जाणवतं, कारण बरगी धरणानं इथून मंडल्यापर्यंतच्या खोऱ्याची ओळखच बदलून टाकली. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ मध्ये पहिल्यांदा निघाले ते याच टप्प्यावर, जबलपूर ते मंडला. तेव्हाची वाट आणि तिच्यावरची कितीतरी गावं आज पाण्याखाली आहेत. आता तिथे काठ सरळ राहिलेला नाही. पाणी ओढ्यानाल्यांत आत शिरतं आणि वाट त्याला वळसा घालत डोंगराकडे जाते. विस्थापित होऊन वर सरकलेल्या वस्तीतल्या माणसाला विचारल्याशिवाय हा वळसा नीट घेता येत नाही, आणि विचारल्यावर तो वाटेबरोबर बुडालेल्या गावाबद्दलही सांगतो. मोबाइलचा नकाशा वळसा दाखवेल. पण परिक्रमेतली निम्मी बोलणी वाट विचारण्यातून सुरू होतात, म्हणून गावाजवळ तरी फोन खिशात ठेवावा असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

वेगडांचं नाव आलंच आहे तर एक गैरसमजही दूर करतो. त्यांनी परिक्रमा सलग केली नाही. सुट्ट्यांत, विद्यार्थी आणि मित्र घेऊन, तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं ते चालत राहिले. कडक नियमानं बघणारा म्हणेल, ही परिक्रमा नव्हे. पण काठावरच्या माणसांची जितकी ओळख त्यांच्या लिखाणात आणि रेखाटनांत आहे तितकी एका दमात चालून आलेल्या फार थोड्यांकडे आहे. सलग चालणं ही शरीराची मोठी परीक्षा आहे. गोताशी तिचा संबंध थोडा आहे.

राहता राहिली गर्दी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर दिवसाला ठरावीक लोकांनाच परवाने देतात, आणि तसंच इथेही करावं अशी सूचना अधूनमधून कानावर येते. मला ती धोक्याची वाटते. कचेरीचा शिक्का आला की ओटा ही सरकारी सोय होईल आणि यजमान तिचा कारकून. त्यापेक्षा अ‍ॅपलाचियनवाल्यांचा दुसरा उपाय घ्यावा. सगळ्यांनी एकाच टोकाहून निघू नये म्हणून तिथे मधल्या हार्पर्स फेरीहून सुरुवात करायला उत्तेजन देतात. सरळ रेषेला टोकं असतात, म्हणून त्यांना ही युक्ती करावी लागली. परिक्रमा तर वर्तुळ आहे. ती कुठल्याही घाटावरून उचलता येते, तिथेच पुरी करता येते, आणि मग ओंकारेश्वराला जल वाहायला जाता येतं. तरी पुण्या-नाशिकची बहुसंख्य मंडळी एकादशीनंतरच्या त्याच आठवड्यात, त्याच ओंकारेश्वराहून निघतात आणि पुढच्या त्याच गावांवर एकदम येऊन पडतात. काहींनी ग्वारीघाटाहून निघावं, काहींनी नर्मदापुरमच्या (पूर्वीच्या होशंगाबादच्या) सेठाणी घाटाहून, काहींनी अमरकंटकाहून. कुणी एकादशीला, कुणी पौषात. जबलपूरला गाडीनं थेट येता येतं, आणि घाट स्टेशनपासून फार लांब नाही.