तीन मिनिटांची ताई, दोन मिनिटांची आई

‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय!’ आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे शब्द आले की लोक खुर्च्या सरकवायला लागतात. पुढचा तासभर फक्त पार्किंग. कोण किती बोलणार, याला काही धरबंधच नाही. त्यामुळे गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात ताईकडे गेले, तेव्हा तिथल्या स्कूल बोर्डाची मीटिंग बघून मी चाटच पडले.

विषय गंभीर होता. मुलं कमी झाली म्हणून भाच्याची शाळा बंद करायचा प्रस्ताव अजेंड्यावर होता. तिथे 1953 चा ब्राऊन अ‍ॅक्ट आहे. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लोकांसमोर लावावाच लागतो आणि लोकांना बोलू द्यावंच लागतं. बोर्डाच्या धोरणावर टीका करायलाही बंदी घालता येत नाही. (हे आमच्या सेक्रेटरींना कुणीतरी सांगा प्लीज!) अजेंड्याबाहेरचंही बोलता येतं, पण त्यावर बोर्ड त्या रात्री निर्णय घेऊ शकत नाही.

ताईने रात्री जागून तीन मिनिटांचं भाषण लिहिलं. आकडे, तुलना आणि शेवटी एक इमोशनल पॅरा. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. चौथ्या रिहर्सलला 2 मिनिटं 54 सेकंद. येस्स!

हॉलबाहेर टेबलावर कार्डं होती. कुठल्या विषयावर बोलायचंय ते लिहायचं, बस्स. आई तेव्हा तिथेच होती, व्हिजिटर व्हिसावर. तिनेही एक कार्ड भरलं. ‘दुभाषी हवा का?’ या प्रश्नापुढे तिने ठसठशीत टिक केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी हसलो.

आत गेल्यावर अध्यक्षबाईंनी सांगितलं, कार्डं खूप आलीत, म्हणून प्रत्येकी एकच मिनिट. टाळ्या वाजवू नका. बोलायचं ते बोर्डाशी, आपापसात नाही.

ताई एक्स्प्रेससारखी सुटली. तरी इमोशनल पॅऱ्याच्या तोंडाशी लाल दिवा लागला. ‘थँक यू. नेक्स्ट.’ जागेवर येऊन तिने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

नेक्स्ट म्हणजे आई. आणि दुभाषी लागणाऱ्याला तिथे किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, 2016 च्या दुरुस्तीपासून. म्हणजे आईला दोन मिनिटं!

आई एक वाक्य बोलायची, मी एक. ‘मला गाडी चालवता येत नाही. नातवाला मी आठ मिनिटं चालत शाळेत सोडते. गेटवर आम्ही तीन आज्या भेटतो, एक चिनी, एक पंजाबी आणि मी. एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण पाऊस आला की एका छत्रीत तिघी मावतो. शाळा लांब गेली तर मी घरात बसेन.’

समोरच्या पाच जणांपैकी कुणीच काही बोललं नाही. मला रागच आला. उत्तर तरी द्या! ताई कुजबुजली, ‘अगं, आत्ता ते फक्त ऐकतात. चर्चा नंतर.’ एकीने काहीतरी लिहून घेतलं. ताईच्या मते पाण्याची बाटली मागवायची चिठ्ठी.

पुढच्या मीटिंगला मतदान झालं, तोवर मी मुंबईत परतले होते. ताईचा मेसेज आला. ‘3-2. बंद.’

पाठोपाठ आईचा. ‘तू सगळं नीट सांगितलं होतंस ना गं? काही गाळलं नव्हतंस ना?’

गाळलं होतं. छत्रीचं वाक्य. वेळ संपत आली होती आणि माझ्यातल्या पत्रकाराला ते फापटपसारा वाटलं. त्या जागी मी ताईच्या कागदातला पटसंख्येचा आकडा घुसवला. तो आकडा त्या संध्याकाळी माझ्याआधी निदान सहा जणांनी सांगून झाला होता.

‘हो, सगळं सांगितलं,’ मी टाइप केलं.