दुसरी बाटली

लुईस, इंग्लंड
जानेवारी

प्रिय विश्वास,



तुझा मेसेज काल रात्री वाचला. दिवाळीत मी दिलेल्या बिअरच्या दोन बाटल्यांपैकी एक तू उघडलीस. दोन तास फ्रीझरमध्ये ठेवलीस, मोठ्या ग्लासात ओतलीस, सोबत फरसाण घेतलंस. ‘करपलेला काढा’ असं लिहिलंस आणि अर्धी बेसिनमध्ये गेली. तुझं म्हणणं खोटं नाही. तशी प्यायली तर ती तशीच लागणार. बाटल्या देताना चार शब्द सांगायला हवे होते, ते निघण्याच्या गडबडीत राहून गेले. दुसरी बाटली अजून तुझ्या कपाटात आहे, तिच्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे ‘स्ट्राँग’ या शब्दानेच घोळ होतो. बारमध्ये स्ट्राँग मागणारा लवकर चढावी म्हणून मागतो, आणि ती येते बर्फासारखी गार, म्हणजे चवीकडे लक्षच जाऊ नये. तुला दिली ती इम्पीरियल स्टाऊट आणि तिच्यासारखीच बार्ली वाइन या बिअर त्यासाठी नाहीत. त्यांच्यात धान्य जास्त पडतं, म्हणून गोडी जास्त उतरते, म्हणून अल्कोहोल वाढतं. हिशेब करून बघ. तुला दिलेली बाटली २७५ मिलीची, ९ टक्क्यांची. म्हणजे शुद्ध अल्कोहोल जवळपास २५ मिली. तुझ्या नेहमीच्या ६५० मिलीच्या, ५ टक्क्यांच्या बाटलीत ते साधारण ३२ मिली असतं. शिवाय ही छोटी बाटली दोघांनी मिळून तासभर प्यायची असते. इतकं सावकाश पिण्यासारखं तिच्यात काय आहे, ते सांगतो.

तुमच्या घरी काकू नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायच्या, ते आठवतंय ना? माल्ट म्हणजे तेच, फक्त बार्लीचं. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची सोय होते. हे माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवलं की गोड पाणी सुटतं. आता नारळाचं दूध डोळ्यांसमोर आण. पहिल्यांदा पिळलेलं दाट, मग पाणी घालून पुन्हा पिळलेलं पातळ. इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीने पहिल्या दाट रसाची जोरकस बिअर करत आणि पुढच्या पातळ रसाची रोजची. लंडनमधल्या फुलर्स ब्रुअरीची ८.५ टक्क्यांची ‘गोल्डन प्राइड’ आणि साधी ‘लंडन प्राइड’ अशाच एका घाण्यातून निघत आल्या आहेत. बार्ली वाइन म्हणजे हे पहिलं दूध. तिच्यात द्राक्षाचा थेंब नसतो. वाइनइतकी कडक, म्हणून ते नाव. बर्टन गावच्या बास कंपनीच्या ‘नंबर १’ने ते रुळवलं.

बार्ली वाइनचा रंग लालसर तपकिरी. त्यातला बराचसा उकळण्यातून येतो. हे तुला समजावायची गरजच नाही. तुमच्या गुऱ्हाळात आपण काहिलीजवळ बसायचो, तेव्हा उसाचा रस फिका हिरवट असायचा आणि तासातासाने गडद होत काकवीवर यायचा. इथे तेच घडतं, म्हणून चवीतही काकवी येते.

स्टाऊटचा काळेपणा मात्र भाजण्याचा. पूर्वी लंडनची पोर्टर, म्हणजे स्टाऊटच्या आधीची बिअर, तपकिरी माल्टची असायची. मग ब्रुअरांच्या हातात हायड्रोमीटर आला, रसात गोडी किती ते मोजता येऊ लागलं, आणि कळलं की तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टमधून कितीतरी जास्त साखर उतरते. फिकट माल्ट वापरावं तर रंग कुठून आणायचा? काहीजण जाळलेली साखर घालू लागले. त्यावर कायद्याने बंदी आली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात तसं, काळं होईपर्यंत पण कोळसा होऊ न देता. मूठभर काळ्या माल्टने सगळी बिअर काळी होते. तू ज्याला करपलेलं म्हणालास ते हे. थालीपिठाच्या भाजणीत खमंग आणि करपलेलं यांच्यात दोन मिनिटांचं अंतर असतं आणि चांगला ब्रुअर त्या दोन मिनिटांत थांबतो. पण फ्रीझरमधल्या गारठ्यात जीभ बधिर होते, गोडी आणि वास मागे राहतात, नुसता कडवटपणा पुढे येतो. तुझ्या ग्लासात तेच झालं.

तुझी बाटली आमच्या गावच्या हार्वेज ब्रुअरीची. ऊझ नदीच्या काठावर आहे ती. माल्ट भिजवतात त्या सकाळी पुलावर गरम लापशीचा वास येतो. या स्टाऊटमागची गोष्ट बाल्टिक समुद्राची आहे. लंडनच्या बार्कले पर्किन्स ब्रुअरीची अशीच काळी, दाट बिअर रशियाच्या दरबारात जायची, म्हणून ‘इम्पीरियल’. ले कॉक नावाचा व्यापारी ती पाठवायचा. १८६९ मध्ये बुडालेल्या ‘ओलिव्हा’ या जहाजातून १९७४ साली पाणबुड्यांनी ले कॉकच्या बाटल्या वर काढल्या. हार्वेजची स्टाऊट त्या परंपरेतली आहे. इतिहासामुळे चव वाढत नाही हे मला मान्य आहे. पण शंभर वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेली बाटली वर आणावीशी वाटली, एवढं त्या बिअरला मोल होतं.

आता मुरण्याबद्दल. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ‘थॉमस हार्डीज एल’ची १९९० सालची बाटली उघडली. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने ही बार्ली वाइन १९६८ मध्ये पहिल्यांदा काढली. लेखक हार्डींच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. साधारण १२ टक्क्यांची ही बिअर वर्षानुवर्षं ठेवण्यासाठीच केलेली असायची. आम्ही चौघे होतो आणि बाटली तळहातावर मावेल एवढी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन घोट. ओतली तेव्हा फेस जवळजवळ नव्हताच. वासही बंद, जुन्या लाकडी पेटीसारखा. गृहस्थ म्हणाले, थांबा. ग्लास हाताच्या ओंजळीत धरून बसलो. दहा मिनिटांनी खारीक आली. मग मनुका, मग काकवी, आणि त्यामागून एक आंबट-खारट, खोल वास, जो मी लगेच ओळखला. माझ्या आजीचं लिंबाचं लोणचं! ते आठ-दहा वर्षांचं असायचं, पार काळं, मधासारखं दाट. तापातून उठलेल्याला आजी त्याची एक फोड भाताबरोबर द्यायची. डॉर्चेस्टरची बिअर आणि आजीची बरणी, दोघी एकाच वाटेने गेल्या होत्या. कडवटपणा विरला होता, तिखट धार गेली होती, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. इंग्रजीत याला ‘एजिंग’ म्हणतात, म्हणजे वय होणं. आपला ‘मुरणं’ हा शब्द त्याहून कितीतरी नेमका आहे.

सगळ्याच बिअर मुरत नाहीत, हेही लक्षात ठेव. हलकी बिअर ठेवली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. अल्कोहोल, दाटपणा आणि कडवटपणा भरपूर असेल तरच ती वर्षं सोसते. आणि प्रत्येक जोरकस बिअरही चांगली नसते. हल्ली बऱ्याच ठिकाणी इम्पीरियल स्टाऊटमध्ये व्हॅनिला, नारळ, मार्शमॅलो असं काय काय घालतात. एक घोट छान लागतो, दुसऱ्या घोटाला मळमळतं. धान्याची चव झाकायचीच असेल तर एवढं धान्य घातलं कशाला?

तर आता दुसरी बाटली. ती टीव्हीवरच्या कपाटातून आजच काढ. तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. माजघरात, जिथे काकूंच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या, त्या खालच्या फळीवर अंधारात उभी ठेव, आडवी नको. उघडायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये पुरे. माठातल्या पाण्यापेक्षा थोडी गार, बस्स. मोठा ग्लास नको, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता असा लहान पेला घे. सावकाश ओत आणि तळाशी गाळ दिसला तर तो बाटलीतच राहू दे. पहिली पाच मिनिटं नुसता वास घे. पहिल्या घोटावर मत बनवू नकोस. पेला कोमट होत जाईल तशी ती बदलत जाईल आणि शेवटचा घोट बहुधा सगळ्यात चांगला लागेल.

फरसाण नको, तांबडा रस्सा तर अजिबात नको. तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात. बिनमिठाचे भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेव. इथले लोक याबरोबर निळं, उग्र स्टिल्टन चीज खातात, पण मला विचारशील तर आपली शेंगदाण्याची चिक्की काही कमी नाही.

आणि एकट्याने उघडू नकोस. मी अनंत चतुर्दशी झाल्यावर कोल्हापुरात येतोय. तोपर्यंत ती आठ महिने आणखी मुरेल. वहिनींना नमस्कार सांग, आणि फ्रीझरपासून बाटली लांब ठेवायची जबाबदारी त्यांच्याकडे दे.

तुझा,
अनिल